ऐकरेषा

यशोमती गुरवला शिष्यवृत्ती मिळाल्याची बातमी गडहिंग्लजकरांना तिच्या वडिलांनी दिली, आणि तीही भर कीर्तनात. अनंतबुवा गुरव म्हणजे नारदीय परंपरेतले नावाजलेले कीर्तनकार. दत्त मंदिराच्या उत्सवात पूर्वरंग रंगात आला असताना ते मध्येच थांबले. झांजा वाजवत मागं उभ्या असलेल्या लेकीकडं हात करून म्हणाले की, आमच्या यशोला सरकारनं लोकांचे कान मोजायला पैसे दिले आहेत, तेव्हा उद्यापासून डुलक्या काढणाऱ्यांनी जरा सांभाळून बसावं. मंडप हसला. शिष्यवृत्ती सरकारनं नव्हे तर एका विश्वस्त संस्थेनं दिली होती, आणि मोजायचं होतं ते ऐकणं. पण हे सांगायला यशोनं तोंड उघडेपर्यंत बुवा पुढच्या पदावर गेले होते. लेकीचं वाक्य बापानं पुरं करायचं, ही त्या घरातली जुनीच रीत होती. कुणाला ती खटकत नसे, यशोलाही नाही. बुवांचा गळा गोड होता आणि माणूस त्याहून गोड.

शिष्यवृत्तीचा विषय होता कामाच्या ठिकाणच्या भेदभावाचे आर्थिक परिणाम. यावर आजवर ज्यांनी काम केलं त्यांनी पगार मोजले, बढत्या मोजल्या, नोकरी सोडून गेलेली माणसं मोजली. यशोचं म्हणणं असं की, नुकसान त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. बैठकीत कुणीतरी एक कामाची गोष्ट सांगतं, ती कुणी ऐकत नाही, आणि तिथून पुढं रोज थोडं थोडं गळत राहतं. त्या न ऐकलेल्या वाक्याची किंमत तिला काढायची होती. काही वर्षांपूर्वी असा अर्ज कुणी केला असता, तर परीक्षकांनी तो हसून बाजूला ठेवला असता. आता श्रवणमापी आलं होतं.

श्रवणमापी म्हणजे सुपारीच्या डबीएवढी एक चकती. ती छताला चिकटवायची. तिच्यातून अतिशय बारीक रेडिओलहरी निघतात आणि खाली बसलेल्या माणसांच्या छातीवर आपटून परत येतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी छातीवरची कातडी केसाच्या जाडीइतकी हलते. चकतीला तेवढं पुरतं. ठोके कुणाचेच घड्याळासारखे पडत नाहीत. ते कधी किंचित घाईत असतात, कधी किंचित सावकाश. मात्र दहा माणसं एकच गोष्ट मन लावून ऐकत असली, की त्यांची ही घाई आणि सावकाशी एकमेकांशी जुळत जाते, मग ती एकमेकांकडं बघत नसली तरी. लक्ष उडालं की जुळणी सुटते. चकती ही जुळणी एका रेषेनं दाखवते. ती शब्द टिपत नाही, चेहरे टिपत नाही. कोण कधी बोलायला लागलं, त्याची वेळ अभ्यास करणाऱ्यानं शेजारी बसून टिपायची. यशोनं त्या रेषेचं नाव ऐकरेषा ठेवलं.

यंत्र नव्या माणसांत न्यायचं तर आधी त्याला शिकवावं लागतं, की बाबा रे, याला म्हणतात पूर्ण ऐकणं. यासाठी यशोला फार विचार करावा लागला नाही. तिनं चकती मंडपाच्या तुळईला लावली आणि वडिलांचं संध्याकाळचं कीर्तन, पहिल्या नमनापासून आरतीपर्यंत सगळंच्या सगळं, पूर्ण ऐकणं म्हणून यंत्राला शिकवून टाकलं. उत्सवात दुपारी निपाणीच्या मंदाकिनीताईंचंही कीर्तन असे. बाई कीर्तनकाराला दुपारचीच वेळ मिळायची आणि मानधनाचं पाकीटही दुपारचंच, हलकं. समोर म्हाताऱ्या बायका, त्याही वाती वळत बसलेल्या. तिथं चकती लावावी असं यशोच्या मनातही आलं नाही.

अभ्यासासाठी कारखाना मिळाला तो शशिकांत मुचंडींचा. एमआयडीसीत त्यांचा पंपांचा कारखाना होता, आणि मुचंडीसाहेब उत्सव समितीचे अध्यक्षही होते. बुवांच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत मांडी घालून बसत, बुक्का लावून घेत, आणि करुण आख्यानात खुशाल डोळे पुसत. बुवांची मुलगी काहीतरी शास्त्रीय करतेय म्हटल्यावर त्यांनी दर आठवड्याच्या आढावा बैठकीचं दार तिला उघडून दिलं.

बैठकीत साहेब मध्ये बसत. उजव्या हाताला उत्पादन व्यवस्थापक हेरवाडकर, मग वयानं आणि मानानं उतरत्या क्रमानं बाकीचे, आणि टोकाला संघमित्रा कांबळे. पंप गिऱ्हाइकाकडं जाण्याआधी तपासायचा आणि तक्रार आली की पुन्हा उघडून बघायचा, हे तिचं खातं. कारखान्यातला कुठला पंप कुठं आणि का मरतो हे तिच्याइतकं जवळून कुणी बघत नसे. यशोपेक्षा ती आठ-दहा वर्षांनी मोठी, पहिल्याच दिवशी चकतीकडं मान वर करून म्हणाली, "बरं झालं आणलंस. वर तरी कुणी ऐकणारं पाहिजेच होतं."

पहिला निकाल आला तेव्हा मुचंडीसाहेबांची रेषा, म्हणजे ते बोलत असतानाची खोलीची रेषा, सगळ्यात उंच होती. कीर्तनात चढते तितकी. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तो आलेख चौकटीत बसवून केबिनमध्ये लावला, आणि आल्यागेल्याला दाखवू लागले. संघमित्राची रेषा तळाशी. चहाच्या टपरीवर ती यशोला म्हणाली की, साहेबांचा तेवढा सह्याद्री, आमची उन्हाळ्यातली हिरण्यकेशी नदी. यशो हसली खरी, पण तिला तो निकाल कुठंतरी बोचत राहिला. साहेब बोलत असताना ती स्वतः खोलीत असायची. तिथं कीर्तनासारखं काहीच नसायचं.

उलगडा झाला तो एका गुरुवारच्या कीर्तनात. यंत्र पुन्हा तपासून बघावं म्हणून तिनं मंडपात चकती लावली होती. बुवांनी गजर धरला, हात वर करा म्हणाले, टाळ्या सुरू झाल्या, आणि टॅबलेटवरची रेषा उसळून पार वर गेली. यशोनं मान वर केली. पहिल्या रांगेतले शिंपी टाळ्या वाजवत होते आणि बाहेर ठेवलेल्या नव्या चपलांवर नजर ठेवून होते. त्यांच्या मागं दोघी जावा टाळ्या वाजवता वाजवताच भाजीच्या भावाबद्दल बोलत होत्या. कुणी काही ऐकत नव्हतं, कारण गजरात ऐकण्यासारखं नवं काही नसतंच. त्यात विरघळायचं असतं. ताल एक, टाळी एक, म्हणून श्वास एक, आणि श्वासामागून ठोकेही एक. बुवांच्या लेकीनं यंत्राला हे विरघळणंच ऐकणं म्हणून शिकवलं होतं. दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. गजर म्हणजे कीर्तनाचा कळस, हे तिला चालायला लागण्याआधीपासून ठाऊक होतं, आणि तिथंच ती फसली होती.

तिनं श्वासाचा भाग वेगळा काढला, यंत्राला फक्त आख्यानाचा भाग नव्यानं शिकवला, आणि कारखान्याची सगळी नोंद पुन्हा त्यातून घातली. मुचंडीसाहेबांचा सह्याद्री बसला. ते बोलायला लागले की खोलीतले सगळे एकदम श्वास धरत, आणि ते थांबले की एकदम सोडत. यंत्राला त्या धाकात गजर दिसला होता.

दुसरी गोष्ट तिला जास्त लागली. आता रेषा स्वच्छ झाल्यामुळं संघमित्राची रेषा नेमकी कधी पडते ते दिसत होतं. ती बोलायला लागल्यावर पडत नव्हती. हेरवाडकर म्हणायचे, "हां, कांबळे मॅडम," आणि त्या नावासरशी रेषा बसायची. तिचा पहिला शब्द यायचा तो आधीच मिटलेल्या खोलीत. फोरमन मुल्लाणींचं तसंच व्हायचं. पॅकिंगच्या बायकांतलं कुणी बोलायला उठलं की तसंच. एखादं बोलणं कंटाळवाणं असतं म्हणून लोक ऐकत नाहीत, असं म्हणायला आता जागा राहिली नव्हती. बोलणं सुरूच झालेलं नसायचं.

आणि त्या मिटलेल्या खोलीत काय बुडालं तेही तिला सापडलं. संघमित्रा कितीतरी बैठकांत सांगत होती की, कोकणातून परत येणाऱ्या पंपांत आधी मोटर बिघडत नाही. तिथल्या जांभ्याच्या विहिरींतली तांबडी बारीक रेती मोटरीकडं पाणी जाऊ न देणारं मेकॅनिकल सील खाते, पाणी आत शिरतं आणि मग मोटर जाते. सीलची चकती सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे रेतीला दाद न देणारी, घालावी. बैठकीचं टिपण लिहिणाऱ्या संगणकानं प्रत्येक वेळी ‘सीलवर चर्चा’ एवढं लिहून ठेवलं होतं. चर्चा कधीच झाली नव्हती. पहिल्यांदा सांगितल्यापासून आजवर परत आलेल्या पंपांचा खर्च म्हणजेच त्या एका न ऐकलेल्या वाक्याची किंमत. यशोचा प्रबंध जवळजवळ हातात आला होता.

आता एकच पायरी राहिली होती. शिष्यवृत्तीची अट अशी होती की, निष्कर्ष संस्थेकडं धाडण्याआधी ज्यांना मोजलं त्यांना, त्याच खोलीत, चकती चालू ठेवून वाचून दाखवायचे. आणि वाचताना कुणाला काही विचारायचं नाही, सुचवायचं नाही. मोजणाऱ्यानं खोलीत असा हस्तक्षेप केला तर त्या जागेची सगळी नोंद रद्द, आणि नवी जागा मान्य होईपर्यंत शिष्यवृत्ती बंद.

तिनं घरी सांगितलं तेव्हा बुवा पान जुळवत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं नाही, पण मुद्दा त्यांना कळला. मुचंडीसाहेबांचं मन दुखेल, म्हणाले. उत्सवाचा अर्धा भार तो माणूस उचलतो. खरं सांगू नकोस असं मी कधी म्हणणार नाही, पण आख्यानात आपण राजाला सांगतो तसं सांग, आडून.

"आडून सांगितलेलं संघमित्राताईंना कळेल, बाबा," यशो म्हणाली. "साहेबांना कळायचं नाही."

बुवा हसले आणि म्हणाले की, यशोचं म्हणणं असं की साहेबांना ऐकू कमी येतं. त्यांचं हे नेहमीचंच. या वेळी तिला हसू आलं नाही.

वाचनाच्या दिवशी साहेबांनी पेढे मागवले होते. सह्याद्री अजून केबिनमध्ये टांगलेलाच होता. हेरवाडकर म्हणाले, "हां, आता आपल्या बुवांची यशो बोलंल," आणि यशोच्या हातातल्या टॅबलेटवर तिची स्वतःची रेषा खाली बसली. तिनं हे इतरांचं पाहिलं होतं. स्वतःचं पहिल्यांदाच पाहत होती. तरी तिनं वाचायला सुरुवात केली. श्वास, ठोके, रेषा. हेरवाडकर पेढ्याचा कागद उलगडत होते. साहेब कौतुकानं मान डोलवत होते. ती मान कीर्तनात नातवंडं नाचली की डोलते तशी. रेषा तळाला.

समोरची माणसं हातची सुटली की अनंतबुवा आवाज कधी चढवत नसत. तबलजीकडं एक बोट करत, पेटीला थांबवत, आणि स्वतः गप्प उभे राहत. यशोनं तेच केलं. वाक्याच्या मध्यावर ती थांबली आणि थांबलेलीच राहिली. कागदाचा आवाज बंद झाला. कुणीतरी खाकरलं. साहेबांनी मान डोलवायची थांबवून तिच्याकडं पाहिलं. टॅबलेटवर रेषा हळूहळू वर येत होती.

आता पुढं वाचायला हरकत नव्हती. नियम मोडला नव्हता, लोक ऐकत होते, निष्कर्षाचं पान समोर होतं. ते वाचलं असतं तर प्रबंध पुरा झाला असता. साहेबांनी भुवया उंचावून ‘छान’ म्हटलं असतं. संगणकानं ‘निष्कर्षांवर चर्चा’ असं लिहिलं असतं, आणि कोकणातले पंप येत राहिले असते. हे सगळं यशोला एका क्षणात दिसलं. शिष्यवृत्तीचंही दिसलं. तिनं कागद खाली ठेवला.

"साहेब, मागच्या बैठकीत संघमित्राताई काय म्हणाल्या होत्या?"

"सीलचं काहीतरी," साहेब म्हणाले.

"सीलचं काय?"

साहेबांनी हेरवाडकरांकडं पाहिलं. हेरवाडकरांनी पेढ्याकडं. कुणालाच आठवेना. साहेबांचा चेहरा तांबडा झाला, आणि ते म्हणाले की, कारखाना मोठा आहे, सगळं लक्षात राहत नाही.

"बरोबर आहे," यशो म्हणाली. "मग हेरवाडकरकाका, साहेब काय म्हणाले होते, ते सांगा."

हेरवाडकरांनी सावरून बसत सांगितलं की, साहेबांनी नेहमीप्रमाणे गुणवत्तेवर भर दिला होता. दोघातिघांनी माना हलवल्या.

"मी त्या दिवशी गुणवत्तेबद्दल बोललोच नव्हतो, हेरवाडकर," मुचंडीसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका साधा खोलीनं कधी ऐकला नव्हता. "काय बोललो होतो, ते कुणालाच आठवत नाही?"

यशोनं मनात शोधलं. ती त्या दिवशी समोरच बसली होती, आणि साहेबांनी कधी सुरू केलं, कधी संपवलं, एवढंच तिनं टिपलं होतं. तिलाही आठवेना.

टेबलाच्या टोकाकडून संघमित्रा म्हणाली, "तुम्ही म्हणालात की, हा कारखाना आता मला एकट्याला पेलवत नाही. मग म्हणालात, असो, आणि पुढचा विषय घेतलात."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग ते उठले, आपली मधली खुर्ची सोडून टेबलाच्या टोकाला गेले, आणि संघमित्राच्या शेजारच्या स्टुलावर बसले. तिथून वर बघून म्हणाले की, सीलचं पुन्हा सांगा, पहिल्यापासून. संघमित्रानं सांगितलं, तांबडी रेती, जांभा, कार्बाइडची चकती. तिनं आवाज ना चढवला ना उतरवला. मध्येच मुल्लाणी म्हणाले की, सीलच्या जुन्या घरातच नवी चकती बसते, घासावं लागत नाही, मी बसवून बघितलंय. हेही कुणाला माहीत नव्हतं. रेषा कुठं होती ते यशोनं पाहिलं नाही. त्या नोंदीचा आता उपयोग नव्हता.

संस्थेचं कळवणं सभ्य भाषेत आलं. जागा रद्द, शिष्यवृत्ती स्थगित, सत्र संपण्याआधी नवी जागा मान्य करून घ्यावी, नाहीतर निवड मागं घेतली जाईल. यशोनं झालेला नियमभंग स्वतःच लिहून कळवला होता, त्यामुळं तक्रारीला वाव नव्हता. कारखान्यात नवं सील चाचणीला लागलं. साहेबांनी चौकट उतरवली म्हणे, पण तिथं दुसरं काही टांगलं नाही, भिंतीवर फिकट चौकोन राहिला. तरी हेरवाडकर अजून ‘हां, कांबळे मॅडम’ त्याच सुरात म्हणतात, असं संघमित्रानं फोनवर सांगितलं. आणि म्हणाली, "एका सीलला एक शिष्यवृत्ती. महागात पडलं गं तुला."

संस्थेच्या कळवण्याच्या शेवटी परीक्षकबाईंनी सहज म्हणून एक प्रश्न विचारला होता. यंत्राला शिकवायला संध्याकाळचंच कीर्तन घेतलं होतंत, दुपारचं का घेतलं नाही? यशो त्या ओळीपाशी बराच वेळ अडली. कारण शोधू लागली तर एकच सापडत होतं. मंदाकिनीताईंचं नाव कार्यक्रमपत्रिकेत दिसल्याबरोबर तिनं पान उलटलं होतं. ताईंचा एक शब्दही कानावर येण्याआधी.

तिनं नव्या जागेचा अर्ज केला: दत्त मंदिराची कीर्तनसेवा. कुणाला कुठली वेळ मिळते, कुणाला किती मानधन, आणि कुणाला किती ऐकलं जातं. बुवांना तो वाचून दाखवला, पुरता, मध्ये थांबू न देता. ते दुखावले. कीर्तन हे कामाचं ठिकाण नव्हे, म्हणाले, ती सेवा आहे.

"सेवाच आहे," यशो म्हणाली. "मग तिची वेळ आणि पाकीट बाईचं वेगळं आणि बुवाचं वेगळं, हे कुणी ठरवलं?"

ठरवणाऱ्या समितीचे चिटणीस अनंतबुवाच होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि ‘यशोचं म्हणणं असं की,’ एवढं म्हणून ते थांबले. पानाचं तबक उचलून ते आत गेले.

समितीनं परवानगी दिली. मुचंडीसाहेब म्हणाले, लावा, मलाही बघू द्या. दत्तजयंतीच्या उत्सवात दुपारी यशोनं तुळईला चकती चिकटवली. मंडपात म्हाताऱ्या बायका कापसाचे पेळू घेऊन बसल्या होत्या. मंदाकिनीताई पदर खोचून, चिपळ्या हातात घेऊन गादीवर उभ्या राहिल्या. पेटीवाल्यानं सूर दिला. तेवढ्यात बायकांमध्ये चुळबूळ झाली. दुपारच्या वेळी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपणारे अनंतबुवा मंडपात येत होते.

नारदाच्या गादीवर जो उभा राहील त्याला, मग तो वयानं, मानानं, जातीनं कुणीही असो, सगळ्यांनी वाकायचं, हे बुवा स्वतः दर कीर्तनात सांगत. आजवर ते मंडपात असत तेव्हा ती गादी त्यांचीच असे, म्हणून त्यांच्यावर वाकायची पाळी कधी आली नव्हती. ते पुढं आले आणि मंदाकिनीताईंच्या पायांशी वाकले. ताई गडबडून मागं सरल्या. अहो बुवा, तुम्ही वडीलधारे, असं काहीतरी म्हणू लागल्या.

"गादीवर आहात, ताई," बुवा म्हणाले. "सुरू करा. मी ऐकायला आलोय."

ते खाली बसले. वाती वळणाऱ्या बायकांत जागा करून, मांडी घालून.

यशोनं वेळ टिपली. पहिला शब्द अजून यायचा होता, आणि रेषा वर चढत होती. ऐकणाऱ्यांत पुरुष एकटे बुवाच होते, तेव्हा हे चढणं त्या म्हाताऱ्या बायकांचं होतं. त्यांची बोटं वातीवर चालली होती आणि कान गादीकडं लागले होते. संध्याकाळच्या भरल्या मंडपात अशी रेषा तिनं कधी पाहिली नव्हती. चकती आपली नोंद आपण ठेवणार होती. कीर्तन कधी संपलं एवढं शेवटी टिपलं की पुरे होतं.

मंदाकिनीताईंनी नमन धरलं. यशोनं टॅबलेट पालथा ठेवला आणि ती ऐकू लागली.